घटस्फोटात दोघांच्या नावावरचं गृहकर्ज : आधी बँक, मग रजिस्ट्री, मग कोर्ट

"फ्लॅट त्याच्याकडे राहील व पुढील सर्व हप्ते तोच भरेल." संमतीनं घटस्फोट घेताना जो मसुदा तयार होतो त्यात गृहकर्जाबद्दल बहुतेक वेळा एवढी एकच ओळ असते. सह्या होतात, हुकूमनामा मिळतो. पुढे कधीतरी तिला स्वतःसाठी कर्ज काढायचं असतं, तेव्हा कळतं की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या अहवालात, जुनं गृहकर्ज अजून तिच्याही नावावर चालू आहे आणि त्यात उशिरा भरलेले हप्ते दिसतायत. बँकेत जाऊन हुकूमनामा दाखवला की काउंटरवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, कोर्टाचं तुमचं तुम्ही पाहून घ्या. आमच्या खात्यावर दोन नावं आहेत."

बोलणं रुक्ष आहे, पण कायद्याला धरून आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून वचन दिलं असेल तर सगळी रक्कम त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही मागता येते. ज्यानं आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं त्यानं दुसऱ्याकडून ते वसूल करावं, तो त्यांचा आपसातला मामला. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यात बँक पक्षकार नसते, म्हणून तो बँकेला बांधत नाही. नवऱ्याला आणि बायकोला बांधतो.

म्हणून या सगळ्या प्रकरणात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी बँकेशी बोलणी, मग घराची रजिस्ट्री आणि सगळ्यात शेवटी कोर्टातली अंतिम सही. लोक नेमकं उलट करतात. पुढे लिहिलंय ते नागपूर डोळ्यांसमोर ठेवून. कर्जाचा आणि जप्तीचा भाग कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही विवाह कायद्याखालच्या जोडप्याला सारखाच लागू आहे. वकील लागेलच, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

पायरी १ : कागदावर तुम्ही नेमके कोण

दोन कागद समोर घ्या: घराची रजिस्ट्री आणि कर्जाचं मंजुरीपत्र. मूळ रजिस्ट्री बँकेत तारण असते. झेरॉक्स नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, काढता येतो. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), बाहेरच्या लेआउटमध्ये सातबारा, फ्लॅट असेल तर अपार्टमेंटचं डीड ऑफ डिक्लेरेशन, आणि जुना प्लॉट असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल नावाचं पत्र. हेही आत्ताच जमवून ठेवा, पुढे प्रत्येक टेबलावर मागतात. प्लॉट प्रन्यासच्या लीजवरचा असेल तर नाव बदलायला त्यांची परवानगीही लागेल.

आता बघा, रजिस्ट्रीवर कोणाची नावं आहेत आणि कर्जावर कोणाची. दोन्हीकडे दोघं असतील तर चित्र सोपं आहे. घर फक्त एकाचं आणि कर्जही त्याच एकाचं असेल तर दुसऱ्यावर बँकेचं देणं नाही. खरी अडचण तिसऱ्या प्रकारात आहे आणि आपल्याकडे तो बराच दिसतो. घर घेताना कर्जाची रक्कम वाढावी म्हणून सुनेचा पगार जोडतात, तिला सहकर्जदार करतात. रजिस्ट्री मात्र नवऱ्याच्या, कधी सासऱ्यांच्या नावानं होते. तिच्या डोक्यावर देणं पुरं आणि घरात मालकी काहीच नाही. तुम्ही या गटात असाल तर "घर नको, सोडून देते" असं म्हणून सुटका होत नाही. तुम्हाला घर सोडायचं नसून कर्जातून नाव काढायचं आहे, आणि ते काम जास्त अवघड आहे. जामीनदार म्हणून सही केली असेल तरी तेच.

लग्नानंतर घेतलेलं सगळं आपोआप निम्मं-निम्मं होतं, हा समज इंग्रजी सिनेमांनी दिलेला आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. मालकी कागदावरून ठरते. रजिस्ट्रीवर दोघांची नावं आहेत पण हिस्सा लिहिलेला नाही, तर कोणी किती पैसे घातले याचा पुरावा पाहिला जातो, आणि पुरावाच नसेल तर समान हिस्सा गृहीत धरतात. म्हणून डाउन पेमेंट कोणाच्या खात्यातून गेलं, माहेरहून आलेले पैसे कोणत्या चेकनं आले, हप्ते कुठून कापले गेले, याची स्टेटमेंट्स पहिल्या दिवसापासून काढून ठेवा. पती-पत्नीतला मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयातच चालवता येतो.

पायरी २ : बँकेला लेखी कळवा, पोच घ्या

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

वेगळं राहायला लागल्यावर दोघांपैकी एक जण घर सोडतो. समजा ती वर्ध्याला माहेरी गेली. बँकेच्या नोंदीत पत्ता मनीषनगरच्या फ्लॅटचा, मोबाइल नवऱ्याचा, ईमेलही त्याचाच. हप्ता थकल्याचा मेसेज त्याला, नोटीस फ्लॅटवर. तिला पहिली खबर लागते ती पेपरातल्या ताबा नोटिशीतून, तीही कोणा नातेवाईकानं फोटो पाठवला म्हणून. बँकेनं नोंदीतल्या पत्त्यावर नोटीस पाठवलेली असते, त्यामुळे "मला मिळालीच नाही" हे म्हणणं पुढे फारसं टिकत नाही.

शाखेत अर्ज द्या: माझा पत्ता, मोबाइल, ईमेल हा, या कर्जाबद्दलची प्रत्येक सूचना मला स्वतंत्रपणे पाठवावी. खाली कर्ज खाते क्रमांक, ओळखपत्राची प्रत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. शाखेत टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. त्याच अर्जात लिहा की माझ्या सहीशिवाय या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, देऊ नये. बांधकाम चालू असेल तर पुढचा टप्पा माझ्या संमतीशिवाय बिल्डरला सोडू नये. जोडखातं "दोघांपैकी कोणीही" या पद्धतीचं असेल तर ते "दोघांच्या सहीनं" करून घ्या, पण थांबा: हप्ता त्याच खात्यातून कापला जात असेल तर आधी हप्त्याची सोय दुसरीकडे लावा. रागाच्या भरात खातं गोठवलं आणि हप्ता बाउन्स झाला, तर तुमच्याच सिबिलवर डाग.

याच फेरीत तीन कागद मागून घ्या: कर्जाचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट, तारण कागदांची यादी आणि फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे आजच्या तारखेला कर्ज पूर्ण मिटवायचं तर किती भरावं लागेल त्याचा आकडा. सहकर्जदाराला हे मागायचा पूर्ण हक्क आहे. नवऱ्याची सही आणा, असं कोणी म्हणालं तर नकार लेखी मागा. बहुतेकदा कागद लगेच निघतो.

पायरी ३ : वाद चालू असताना हप्ता चालू ठेवा

"मी तिथे राहत नाही, मी का भरू?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर कोर्टात मागायचं, बँकेत नाही. हप्ता थकला की विलंब दोघांच्याही क्रेडिट अहवालात चढतो, कोणाची चूक हे तिथे लिहिलेलं नसतं. ऑटो-डेबिट बाउन्स होणं हा चेक बाउन्ससारखाच फौजदारी विषय होऊ शकतो.

समोरचा भरत नसेल आणि तुमची ऐपत असेल तर तुम्ही भरा, फक्त रोखीनं समोरच्याच्या हातात पैसे देऊ नका. थेट कर्ज खात्यात, स्वतःच्या खात्यातून, आणि दर महिन्याला समोरच्याला एक ओळ: "हप्ता मी भरला, तुमचा वाटा येणे आहे." हाच पुढे वाटा मागण्याचा पुरावा.

पोटगीच्या अर्जातही कर्ज दाखवा. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र देणं आवश्यक केलंय. गृहकर्ज त्यात यायलाच हवं. पुष्कळ नवरे म्हणतात, हप्ता भरतो तेवढी पोटगी कमी करा. घर एकट्या त्याच्याच नावावर असेल तर हे म्हणणं कोर्ट सहजासहजी मानत नाही, कारण हप्त्यातून मालमत्ता त्याचीच उभी राहते. तडजोड होत असेल तर हप्ता पोटगीत धरलाय की पोटगी वेगळी, हे स्पष्ट लिहून घ्या.

पायरी ४ : आकडे मांडा, भावना नंतर

एक उदाहरण घेऊ. ३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पाच वर्षं नियमित भरलं, म्हणजे ६० हप्ते, जवळपास १५ लाख ६२ हजार रुपये गेले. शिल्लक किती असेल? बरेच जण १५-१६ लाख सांगतात. खरी शिल्लक २६ लाख ४४ हजारांच्या आसपास असते. मुद्दल फक्त साडेतीन लाखांनी उतरलेलं असतं, बाकी सगळं व्याजात गेलं.

मध्यस्थाच्या टेबलावर "मी पंधरा लाख भरलेत, मला पंधरा लाख हवेत" इथेच बोलणी अडकतात, म्हणून हा हिशोब आधी दोघांनाही दिसायला हवा. समजा फ्लॅट आज ४५ लाखांना जाईल. त्यातून २६.४४ लाख बँकेचे. उरले १८.५६ लाख, त्यातून दलाली आणि इतर खर्च वजा. वाटणी होते ती या उरलेल्या रकमेची. डाउन पेमेंटमध्ये एकाचे जास्त पैसे असतील तर ते आधी बाजूला काढून मग निम्मं करायचं की नाही, हे ठरवा.

फ्लॅटची किंमत ठरवायला शेजाऱ्याच्या "आमच्या स्कीममध्ये साठला गेला" वर जाऊ नका. इंडेक्स टूवरून त्याच इमारतीतले अलीकडचे प्रत्यक्ष व्यवहार पाहा, किंवा नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या.

पायरी ५ : तीनपैकी एक वाट धरा

पहिली: एकानं घर आणि कर्ज दोन्ही घ्यायचं. बँक याला नाव कमी करणं म्हणत असली तरी ती प्रत्यक्षात नवं कर्ज देत असल्यासारखीच तपासणी करते. राहणाऱ्याचा एकट्याचा पगार हप्त्याला पुरतो का? ढोबळमानानं सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास असले तर बँकेची तयारी असते. वरच्या उदाहरणात म्हणजे निदान ५२ हजार हातात यायला हवेत. पगार कमी पडत असेल तर वडील किंवा भावाला सहकर्जदार करता येतं, मुदत वाढवता येते. तुमची बँक नाहीच म्हणाली तर दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावानं कर्ज हलवा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. बँकेकडून एवढाच कागद हवा: "अमुक यांना या कर्जाच्या दायित्वातून मुक्त करण्यात येत आहे." अधिकाऱ्याचं तोंडी "होऊन जाईल, काळजी करू नका" हे आश्वासन फाइलला लावता येत नाही.

दुसरी: विकून मोकळं व्हायचं. माझ्या मते दोघांचा पगार मिळूनच कर्ज मंजूर झालं असेल तर शंभरातल्या बहुतेकांसाठी हीच वाट खरी आहे, मन कितीही तयार नसलं तरी. तारण फ्लॅट विकता येतो. फोरक्लोजर स्टेटमेंट आणि कागदांची यादी खरेदीदाराला द्यायची, त्याची बँक तुमच्या बँकेच्या नावानं चेक काढते, कागदपत्रं बँकेतून बँकेकडे जातात आणि उरलेली रक्कम तुम्हाला. ती उरलेली रक्कम कोणाच्या खात्यात किती, हे विसारपत्रातच दोन वेगळ्या चेकनं लिहा. एकाच्या खात्यात सगळे आले आणि "देतो नंतर" झालं, की पुन्हा कोर्ट.

तिसरी: सध्या दोघांच्या नावावर ठेवून भाड्यानं द्यायचं. मुलं शाळेत आहेत, बाजार मंदावलाय, अशा कारणांनी लोक हे करतात. ज्या दोघांना एका छताखाली राहता आलं नाही त्यांनी पंधरा वर्षं एका कर्जात राहायचं, हे मला पटत नाही. करायचंच असेल तर शेवटची तारीख टाका.

पायरी ६ : बक्षीसपत्र हुकूमनाम्याआधी

एक जण आपला हिस्सा दुसऱ्याला सोडतोय, तर कागद कोणता? "हक्कसोडपत्र करून टाका, किरकोळ शुल्कात होतं" हा सल्ला नागपुरात जागोजागी मिळतो. महाराष्ट्रात हक्कसोडपत्राला नाममात्र शुल्काची सवलत आहे ती वडिलोपार्जित मालमत्तेसाठी. नवरा-बायकोनं मिळून विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नव्हे; त्यावर हिश्श्याच्या बाजारमूल्यानुसार विक्रीसारखंच मुद्रांक शुल्क लागतं.

मात्र राहतं घर पती-पत्नीनं एकमेकांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. मेख शब्दशः "पती-पत्नी" या नात्यात आहे. हुकूमनामा झाला की ते नातं संपलं, सवलतही गेली. पती-पत्नीमधल्या बक्षिसाला आयकरात मिळणारी सूटही नात्यावरच उभी आहे. म्हणून बक्षीसपत्र अंतिम हुकूमनाम्याच्या आधीच नोंदवायला हवं.

दोन सावधगिऱ्या. घर तारण असताना बँकेच्या लेखी ना-हरकतीशिवाय बक्षीसपत्र करू नका. आणि हिश्श्याच्या बदल्यात पैसे दिले जात असतील तर ते बक्षीस नव्हेच. एका हातानं नऊ लाख आणि दुसऱ्या हातानं बक्षीसपत्र, असले उद्योग पुढे मुद्रांक विभागात महागात पडतात. हस्तांतरण हुकूमनाम्यातूनच करायचं असेल तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी देऊन शुल्काचा आकडा आधीच लेखी मिळवता येतो.

आता वेळेचं गणित. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे संमतीच्या अर्जानंतर दुसऱ्या अर्जापर्यंत सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून कोर्ट हा काळ माफ करू शकतं. वकील विचारतात, माफीचा अर्ज टाकू का? घर-कर्जाचं काम बाकी असेल तर टाकू नका. बँकेची छाननी, नवं मंजुरीपत्र, मुक्ततेचा कागद, बक्षीसपत्र, आखीव पत्रिकेवरचा फेरफार: हे सहा महिने त्याच्यासाठीच वापरायचे. मुक्ततेचा कागद हातात आल्याशिवाय शेवटच्या तारखेला सही नको. एकदा हुकूमनामा झाला की समोरच्याला बँकेत खेटे घालायची काहीच घाई उरत नाही.

पायरी ७ : तडजोडीच्या अटींत काय लिहायचं

"हप्ते पती भरेल" ऐवजी असं लिहून घ्या: अमुक बँक, अमुक शाखा, कर्ज खाते क्रमांक अमुक, आजची शिल्लक इतकी, अमुक महिन्याच्या हप्त्यापासून पती भरतील, अमुक तारखेपर्यंत पत्नीचं नाव कर्जातून कमी करून बँकेचं पत्र देतील, लागोपाठ दोन हप्ते चुकल्यास घर विकण्यास ते बांधील राहतील आणि विक्रीच्या कागदांवर अमुक दिवसांत सही करतील, पत्नीला बँकेत काही भरावं लागलं तर ते व्याजासह परत देतील. महापालिकेचा घरकर, महावितरणचं बिल, अपार्टमेंटचा मेंटेनन्स कोणत्या तारखेपर्यंत कोणाचा, हेही. कर्जासोबत घेतलेला विमा असेल तर त्याचा नॉमिनी बदला; हे विसरलं जातंच.

अशी अट असली तरी बँकेला ती बांधत नाही, हे पुन्हा सांगतो. पण अट मोडली तर तुम्हाला नवा दावा न लावता त्याच हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागता येते.

पायरी ८ : हप्ते थकलेच तर

इथून पुढे सरफेसी कायदा, २००२. बँकेला कोर्टात न जाता घर ताब्यात घेऊन विकता येतं. सहकारी बँकाही त्यात येतात, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते स्पष्ट केलं. या कायद्याचं कलम ३४ दिवाणी न्यायालयांना त्यात हस्तक्षेप करायला मनाई करतं. म्हणजे "आमची घटस्फोटाची केस चालू आहे" हा बँकेविरुद्धचा स्टे नव्हे.

घड्याळ असं चालतं. ५ जानेवारीचा हप्ता चुकला आणि ९० दिवसांहून जास्त थकला की एप्रिलच्या सुरुवातीला खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत. तोवर बँकेला एक हप्ता भरून समजावता येत असतं. एनपीए झाल्यावर सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही. म्हणून पहिल्या ९० दिवसांत धावपळ करा.

मग कलम १३(२) ची नोटीस: ६० दिवसांत सगळं कर्ज भरा. ही नोटीस कचऱ्यात टाकू नका आणि नुसती वकिलाकडेही टाकू नका. तिला लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हरकतीत भांडणाची कहाणी नको. शिल्लक आकडा चुकलाय का, भरलेला हप्ता जमा दिसत नाही का, आणि आम्ही स्वतः घर विकून फेडायला तयार आहोत, इतक्या महिन्यांची मुदत द्या, एवढंच. लिलावापेक्षा खासगी विक्रीत सहसा जास्त किंमत येते, हे बँकेलाही ठाऊक असतं. मात्र या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकायला, भाड्यानं द्यायला किंवा कोणाच्या नावावर करायला मनाई आहे. तेव्हा राहिलेलं बक्षीसपत्र आता घाईनं उरकण्याचा प्रयत्न नको.

साठ दिवस संपले की कलम १३(४): दारावर ताबा नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा बहुधा कागदोपत्री ताबा असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, मग पोलीस बंदोबस्त. ताबा नोटिशीपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. डीआरटी नागपुरातच आहे. त्यावरचं अपील मात्र मुंबईला, आणि तिथे आधी देण्याचा अर्धा भाग जमा करावा लागतो, जो पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. थेट नागपूर खंडपीठात रिट टाकली तर सहसा "आधी डीआरटीत जा" हेच उत्तर मिळतं.

लिलावाला निदान ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते. सगळं देणं भरून घर सोडवायचा हक्क ती लिलाव नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. २०१६ च्या दुरुस्तीचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये पक्का केला. पूर्वी शेवटच्या क्षणापर्यंत पैसे भरता येत, त्या जुन्या गोष्टींवर विसंबू नका. "निम्मं कर्ज भरते, माझा निम्मा फ्लॅट सोडा" असंही होत नाही. तारण अखंड असतं.

लिलावातून जास्त आले तर वरचे पैसे कर्जदारांचे. ते कोणाला किती द्यायचे यावर वाद आहे हे बँकेला आधीच लेखी कळवा. कमी आले तर उरलेलं देणं दोघांकडूनही वसूल होऊ शकतं. एकरकमी तडजोड झाली तर सिबिलवर "सेटल्ड" लिहून येतं, "क्लोज्ड" नाही. पुढची बँक ते बरोबर वाचते.

घरात राहणारी पत्नी असेल आणि नवरा मुद्दाम हप्ते बुडवत असेल, हेही घडतं, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली अर्ज करा. घर विकायला किंवा त्यावर नवा बोजा चढवायला मनाई, पर्यायी घर किंवा त्याचं भाडं, आर्थिक मदत, असे आदेश त्याच्याविरुद्ध मिळू शकतात. बँकेचं आधीचं तारण मात्र त्यानं मिटत नाही.

पायरी ९ : नागपुरात कोणाकडे जायचं

वकिलाची फी परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. बँका थकीत खाती लोक अदालतीत ठेवतात, तिथे बोलणी चांगली होतात. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. केलाच तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट.

कर्ज मिटल्यावर

कर्ज पूर्ण फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायला बँक बांधील आहे; बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्ज दोघांचं असेल तर कागद घ्यायला कोण जाणार याचं अधिकारपत्र दोघांच्या सहीचं लागू शकतं. ते शेवटच्या तारखेला कोर्टात भेटाल तेव्हाच करून ठेवा. मग थकबाकी नसल्याचा दाखला, सरसाईवरची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) तारणाची नोंद काढल्याची खात्री, आखीव पत्रिकेवरचा बोजा कमी करणं, आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिल काढून खातं बंद दिसतंय का ते पाहणं. दिसत नसेल तर त्याच दाखल्याची प्रत जोडून सिबिलच्या संकेतस्थळावर दुरुस्तीची मागणी नोंदवा.